विश्लेषण : घराला रंग देताना भिंतीवरच्या एसीचे काय करायचे? झाकायचा, काढायचा की जागा बदलायची?

पाऊस ओसरला की अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत सोसायट्यांच्या जिन्यांत पुट्टीच्या गोण्या आणि रंगाचे डबे दिसू लागतात. दिवाळीच्या आत घर नवे करायचे असते. भिंतीची छटा निवडण्यात आठवडा जातो, फॉल्स सीलिंगच्या दिव्यांवर घरात दोन गट पडतात, आणि काम सुरू होते त्या सकाळी पेंटर शिडीवरून विचारतो, ‘एसी काढणार आहात की असाच ठेवायचा?’ या प्रश्नाचा विचार बहुतेक घरांत तोवर झालेला नसतो. मग पाच मिनिटांत काही तरी ठरते. त्याची किंमत पुढच्या उन्हाळ्यात कळते : नव्या भिंतीवर पिवळे ओघळ, पूर्वीइतका न येणारा गारवा आणि गॅस भरण्याचे बिल. चुकीच्या जागी भोक पाडले किंवा कुणाला दोराशिवाय छज्जावर उतरवले, तर प्रश्न जिवावरही बेतू शकतो. त्यामुळे रंगाच्या आधी एसीचा निर्णय का घ्यावा आणि तो कसा घ्यावा, हे समजून घेणे गरजेचे आहे.

भिंतीवरचा एसी फर्निचरपेक्षा वेगळा कसा?

कपाट सरकवता येते, टीव्ही उतरवता येतो. स्प्लिट एसी मात्र भिंतीवर टांगलेला दिसला तरी चार वाटांनी घराशी जोडलेला असतो. पहिली वाट हवेची. भिंतीवरची बहुतेक युनिट वरच्या बाजूने खोलीतली हवा आत ओढतात आणि खालून गार हवा सोडतात. दुसरी वाट गॅसची, म्हणजे आतले आणि बाहेरचे युनिट जोडणारे तांब्याचे दोन पाइप. तिसरी पाण्याची. विलिस कॅरियर या अमेरिकी अभियंत्याने १९०२ मध्ये आधुनिक वातानुकूलनाची पहिली यंत्रणा आखली ती ब्रुकलिनमधील एका छापखान्यासाठी, आणि तिचा मुख्य हेतू हवेतला दमटपणा आटोक्यात ठेवणे हा होता. आजचा एसीही हवा गार करताना तिच्यातले पाणी काढून घेतो. मुंबईच्या दमट हवेत हे पाणी तासाला लिटरभर किंवा त्याहूनही जास्त भरू शकते. चौथी वाट विजेची. सजावट करताना या चारपैकी एक जरी वाट अडली, तरी यंत्र बिघडते किंवा भिंत खराब होते.

एसी न काढता रंग देता येतो का?

येतो, पण काम कोणते आहे यावर ते अवलंबून आहे. जुन्या चांगल्या भिंतीवर फक्त रंगाचे दोन हात मारायचे असतील तर एसी उतरवण्याची गरज नसते. एमसीबी बंद करून संपूर्ण युनिट जाड प्लास्टिकने झाकायचे आणि कडा मास्किंग टेपने पक्क्या बंद करायच्या. युनिटमागे जुना रंग राहतो, एवढाच तोटा. पुढे वेगळ्या मापाचा एसी आला तर तो जुना चौकोन उघडा पडतो.

पुट्टी घासायची असेल, पीओपी किंवा फॉल्स सीलिंग करायचे असेल, प्लास्टर फोडायचे असेल, तर मात्र युनिट उतरवलेले बरे. घासताना उडणारी पांढरी भुकटी अत्यंत बारीक असते. ती फिल्टरमधून आतल्या कॉइलपर्यंत पोहोचते, तिथल्या ओलाव्यात चिकटते आणि तिचा लेप बसतो. पाणी जमा होणाऱ्या ट्रेमध्ये ती गेली तर ड्रेन पाइप तुंबतो.

आणखी एक चूक सर्रास होते. रंग लवकर वाळावा म्हणून खिडक्या लावून एसी सुरू केला जातो. घरगुती स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आत आणत नाही. तो खोलीतलीच हवा फिरवतो. त्यामुळे रंगाचा वास आणि उडालेली भुकटी खोलीतच घुमत राहते. खिडक्या उघड्या ठेवून पंखा लावणे हाच योग्य मार्ग.

एसी काढला की गॅस वाया जातो का?

व्यवस्थित काढला तर जात नाही. बाहेरच्या युनिटवर दोन व्हॉल्व्ह असतात. एसी कूलिंगवर चालू ठेवून आधी बारीक पाइपाचा व्हॉल्व्ह बंद करतात. त्यामुळे पाइपातला आणि आतल्या युनिटमधला गॅस बाहेरच्या युनिटमध्ये गोळा होतो. मग जाड पाइपाचा व्हॉल्व्ह बंद करून यंत्र लगेच थांबवले जाते. याला मेकॅनिक ‘पंप डाउन’ म्हणतात. तो नीट झाला असेल तर पुन्हा बसवताना संपूर्ण गॅस भरण्याचे कारण उरत नाही. बिलात तो खर्च आलाच, तर गळती कुठे होती हे विचारण्याचा ग्राहकाला अधिकार आहे. कोणता गॅस आणि किती ग्रॅम, हे बाहेरच्या युनिटच्या लेबलवर छापलेले असते.

हे काम पेंटरने किंवा सुताराने नट सैल करून उरकण्याचे नाही. सध्या अनेक एसींमध्ये वापरला जाणारा आर-३२ हा वायू सौम्य ज्वलनशील आहे. काही एसींमध्ये आर-२९० असतो, म्हणजे प्रोपेन, आणि तो सहज पेट घेतो. आर-३२ चा उत्कलनबिंदू सुमारे उणे ५२ अंश सेल्सिअस असल्याने त्याचा फवारा हातावर उडाला तर त्वचेला हिमदाह होऊ शकतो. पंप डाउन चालू असताना गळक्या जोडातून हवा आत ओढली गेली, तर कॉम्प्रेसरमधले तेल आणि हवा दाबाखाली पेटून तो फुटण्याचाही धोका असतो.

गॅस हवेत सोडून देण्याचा परिणाम घरापुरता राहत नाही. आर-३२ ची तापमानवाढीची क्षमता १०० वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ६७५ पट आहे. अशा वायूंचा वापर टप्प्याटप्प्याने कमी करण्यासाठी २०१६ मध्ये किगाली येथे जागतिक करार झाला आणि भारताने २०२१ मध्ये त्याला मान्यता दिली.

पुन्हा बसवताना काय पाहावे?

पहिली गोष्ट, व्हॅक्यूम पंप. युनिट उतरवल्यावर पाइपात हवा आणि बाष्प शिरते. ते पंपाने खेचून काढल्याशिवाय व्हॉल्व्ह उघडू नयेत. थोडा गॅस सोडून हवा ‘ढकलून’ देण्याची पद्धत अजून दिसते. त्यात गॅस वाया जातो आणि ओलावा आत राहतो. दुसरी गोष्ट, साबणाच्या फेसाने प्रत्येक जोडाची तपासणी. तिसरी, पाइपाची टोके. एसी खाली असेपर्यंत ती टेपने किंवा टोपीने बंद असायला हवीत, नाही तर पुट्टीची भुकटी थेट पाइपात जाते. तांब्याचा पाइप पुन्हा पुन्हा वाकवला की तो कडक होतो आणि चिरतो. म्हणून युनिट पाइपांना तसेच लटकत ठेवून मागे ब्रश फिरवण्याचा मोह टाळावा.

फॉल्स सीलिंग आणि एसीचे कुठे बिनसते?

उपनगरांतल्या अनेक इमारतींत जमिनीपासून स्लॅबपर्यंतची उंची नऊ-साडेनऊ फूट असते. फॉल्स सीलिंगने त्यातले चार-सहा इंच गेले की जुन्या जागेवरचा एसी छताला टेकतो. वरून हवा ओढणाऱ्या युनिटला वर मोकळी जागा लागते. किती, ते प्रत्येक कंपनीच्या पुस्तिकेत दिलेले असते. साधारण १५ सेंटिमीटर सोडणे सुरक्षित मानले जाते. ही जागा मिळाली नाही की बाहेर पडलेली गार हवाच पुन्हा आत ओढली जाते. खोली थंड झाली असे सेन्सरला वाटते आणि यंत्र मंदावते. पलंगावर बसलेल्या माणसाला मात्र उकडतच राहते. अशा वेळी दोष गॅसला दिला जातो आणि गॅस भरूनही फरक पडत नाही.

उपाय दोन. एसी काही इंच खाली घेणे किंवा त्याच्या पट्ट्यात सीलिंग न आणणे. खाली घेताना भिंतीतले भोकही बदलावे लागू शकते, कारण पाणी उतारानेच जाते. सीलिंगमध्ये एसीसाठी खाचा ठेवायचा असेल तर तो आजच्या युनिटच्या मापाचा ठेवू नये. जास्त स्टार असलेली युनिट बहुधा लांब असतात. फॉल्स सीलिंग एसीपेक्षा जास्त वर्षे टिकते. पुढचा एसी त्या खाचात मावला नाही, तर सीलिंग कापण्याची वेळ येते.

पॅनेल, जाळी, वॉलपेपर : काय चालते?

एसी दिसू नये म्हणून त्यावर लाकडी जाळी किंवा पट्ट्यांचे पॅनेल बसवण्याची पद्धत आहे. छायाचित्रात ती छान दिसते, पण जाळीला आपटून गार हवा आतच फिरते आणि लाकडावर दव धरते. यंत्र उघडे ठेवून त्याच्या मागची भिंत पॅनेलने सजवणे हा चांगला मध्यममार्ग. मात्र युनिटची पत्रा-पट्टी पॅनेलवर न ठोकता मूळ भिंतीत किंवा भक्कम लाकडी आधारावर बसवावी. नुसत्या प्लायवर किंवा जिप्सम बोर्डवर हा भार टाकू नये.

फिल्टर काढण्यासाठी पुढचे झाकण वर उघडते आणि सर्व्हिसिंगच्या वेळी खाली प्लास्टिकची पिशवी बांधून पाण्याचा फवारा मारला जातो. त्यासाठी दोन्ही बाजूंना आणि खाली हात फिरेल इतकी जागा हवी. छतापर्यंतचे कपाट किंवा लॉफ्ट एसीला चिकटून करून घेतलेल्या घरांत हीच अडचण होते. एसीच्या बरोबर खाली वॉलपेपर, टीव्ही किंवा प्लग पॉइंट टाळावेत. ड्रेन एकदा जरी तुंबला, तरी पाणी तिथेच उतरते.

नव्या भिंतीवर ओघळ का येतात?

रंग वाईट होता, असा निष्कर्ष पटकन काढला जातो. बहुतेक वेळा कारण पाण्याच्या वाटेत असते. ड्रेन पाइपला दर मीटरला किमान एक सेंटिमीटर उतार हवा आणि मध्ये कुठेही फुगवटा नको. गार पाइपावरचे काळे इन्सुलेशन भोकाजवळ फाटलेले असेल तर तिथे दव धरून पाणी भिंतीत मुरते.

तिसरे कारण खास मुंबईचे. भिंतीतले भोक बाहेरच्या बाजूला किंचित खाली झुकलेले हवे. ते सपाट किंवा आतल्या बाजूला उतरते असेल आणि बाहेरून नीट बुजवलेले नसेल, तर जून-जुलैचा संततधार पाऊस त्यातून आत येतो. पश्चिमेकडे तोंड असलेल्या भिंतींना हा त्रास अधिक. रंगाचा शेवटचा हात मारण्याआधी आतल्या ट्रेमध्ये मगभर पाणी ओतून ते बाहेर पडते का, हे पाहावे. या तपासणीला दोन मिनिटे लागतात.

पाइप भिंतीत लपवावेत का?

उघडे पाइप डोळ्यांना खुपतात, म्हणून भिंतीत खाच मारून ते बुजवले जातात. हे काम रंगाच्या नव्हे, प्लास्टरच्या आधीचे आहे. भिंत बंद करण्यापूर्वी पाइपांत नायट्रोजन भरून दाब टिकतो का, हे तपासावे आणि टेप लावून मापासह छायाचित्र काढून ठेवावे. नंतर चित्रासाठी खिळा ठोकताना तेच उपयोगी पडते.

एक मर्यादा मात्र ओलांडता येत नाही. खाच विटांच्या भिंतीत मारता येते. बीम, कॉलम आणि स्लॅब यांना हात लावायचा नाही. त्यातली सळई कापली गेली तर नुकसान एका खोलीचे नसते. घाटकोपर पश्चिमेतील दामोदर पार्क येथील सिद्धी साई ही चार मजली इमारत २५ जुलै २०१७ रोजी कोसळली आणि १७ जणांचा मृत्यू झाला. तळमजल्यावरील बदलांच्या कामात खांबांना धक्का लावल्याचा आरोप तेव्हा झाला होता. त्या दुर्घटनेचा एसीशी संबंध नव्हता. पण एका घरातल्या तोडफोडीचा भार साऱ्या इमारतीवर येऊ शकतो, हे त्यातून उपनगरांनी पाहिले. मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३ ब नुसार ३० वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी बंधनकारक आहे. अशा इमारतीत तो अहवाल पाहिल्याशिवाय कोअर कटिंगचे यंत्र लावू नये. घरात फेरबदल करण्यापूर्वी सोसायटीच्या समितीची लेखी परवानगीही घ्यावी लागते.

पुनर्विकासाची बोलणी सुरू असलेल्या सोसायटीत प्रश्न आणखी सोपा होतो. दोन-तीन वर्षांत घर रिकामे करायचे असेल, तर भिंत फोडण्याऐवजी पीव्हीसीचे केसिंग लावून त्यावर भिंतीचाच रंग मारणे शहाणपणाचे. जाताना पाइपही काढून नेता येतो.

बाहेरच्या युनिटचे काय?

घर सजवताना सर्वांत कमी विचार होतो तो याच भागाचा. दीड टनाच्या एसीचे बाहेरचे युनिट साधारण २५ ते ४० किलोंचे असते. ते बसवणारा माणूस अनेकदा सहाव्या-सातव्या मजल्यावर खिडकीबाहेरच्या छज्जावर उभा असतो, ग्रिलला एका हाताने धरून. छज्जा ऊन-पावसापासून आडोसा म्हणून बांधलेला असतो. खाऱ्या, दमट हवेत त्यातली सळई गंजलेली असू शकते. ग्रिलही माणसाचे वजन पेलण्यासाठी नसते. त्यामुळे संपूर्ण शरीराला बसणारा सुरक्षा पट्टा आणि घराच्या आतल्या भक्कम भागाला बांधलेला दोर असल्याशिवाय कुणालाही बाहेर उतरू देऊ नये. ‘रोजचेच काम आहे’ असे तो म्हणाला, तरीही.

नूतनीकरण ही जागा सुधारण्याची संधी असते. खिडकी उघडून आतूनच हात पोहोचेल, अशी जागा युनिटसाठी निवडली तर पुढची सर्व दुरुस्ती सुरक्षित होते. गंजलेला स्टँड याच वेळी बदलावा. खिडकीच्या बॉक्स ग्रिलमध्ये युनिट कुंड्या आणि सामानाने वेढले असेल, तर गरम हवा बाहेर जात नाही आणि वीज जास्त लागते. कबुतरांसाठी जाळी लावताना ती पंख्याच्या तोंडाला चिकटू देऊ नये.

वायरिंग कधी तपासायचे?

भिंत उघडी असतानाच. एसीसाठी मीटरच्या बोर्डपासून स्वतंत्र वायर आणि स्वतंत्र एमसीबी हवा. दीड टनासाठी चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर सर्वसाधारणपणे वापरली जाते. एसीचा प्लग किंवा स्टॅबिलायझर लाकडी पॅनेलच्या मागे बंद करू नये. तापलेला जोड दिसायला हवा. आणखी एक एसी वाढवायचा असेल तर मंजूर वीजभार बिलावर पाहून घ्यावा. मुलुंडमध्ये त्यासाठी महावितरणकडे अर्ज करावा लागतो. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर या भागांत अदानी इलेक्ट्रिसिटी किंवा टाटा पॉवर, ज्याचे मीटर असेल त्या कंपनीकडे.

घर भाड्याचे असेल तर?

अंधेरीसारख्या भागात ११ महिन्यांच्या करारावर राहणाऱ्यांची संख्या मोठी आहे. एसी घरमालकाचा आहे की भाडेकरूचा, नवे भोक पाडायला परवानगी आहे का आणि घर सोडताना भिंत पूर्ववत कुणी करायची, या तीन गोष्टी करारात लिहून घ्याव्यात. अशा घरात जुने भोक आणि जुनी जागा वापरून फक्त रंग बदलणे सर्वांत स्वस्त पडते.

मग कामाचा क्रम कसा असावा?

आधी एसीची जागा ठरवायची. सुतार, पीओपीवाला आणि एसी मेकॅनिक यांना एकदा तरी एकाच वेळी घरी बोलवायचे, म्हणजे सीलिंगची उंची आणि पाइपाचा उतार यांचा मेळ बसतो. मग पंप डाउन करून युनिट उतरवायचे, टोके बंद करून ते कोरड्या जागी ठेवायचे. त्यानंतर भोक, वायरिंग, पाइप आणि त्यांची चाचणी. नंतर प्लास्टर, सीलिंग, पुट्टी आणि रंगाचा पहिला हात. युनिटच्या मागची भिंत पूर्ण रंगवून झाली की एसी बसवायचा, पाणी ओतून उतार तपासायचा आणि सर्वांत शेवटी रंगाचा अखेरचा हात मारायचा.

वेळेचेही गणित आहे. मार्च ते मे या काळात मेकॅनिक मिळणे कठीण असते, आणि पाऊस संपता संपता रंग दिला तर भिंतीतला ओलावा आत अडकतो. मुंबईत नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ यासाठी उत्तम : हवा कोरडी, एसीची गरज कमी आणि मेकॅनिकला घाई नसते. दिवाळीच्या आतच काम उरकायचे असेल, तर पेंटरच्या आधी मेकॅनिकची तारीख घ्यावी.